हात धरला नव्हता, मुरगाळला होता

आमच्या कर्णबधिर बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या वर्षभरात निरनिराळ्या जणींनी मला एकच प्रश्न विचारला: नवरा मारत असेल तर पहिल्यांदा कुठं जायचं? दरवेळी व्हिडिओ कॉलवर हात दुखेपर्यंत सांगते आणि तरी काहीतरी राहूनच जातं. म्हणून सगळं एकदा तारखांसकट इथं लिहून ठेवते. ज्यांना वाचायला जड जाईल त्यांना घरातल्या कुणी विश्वासाच्या माणसानं समजावून सांगावं. विश्वासाच्या, हे मुद्दाम लिहिलंय. ते का, ते पुढं कळेल.

मी मूळची चंदगड तालुक्यातली. तिसरीत असताना मेंदूज्वर झाला. महिनाभर दवाखान्यात होते. घरी आले त्या पहाटे कौलावर कोंबडा मान ताणून आरवताना दिसला, आवाज मात्र आला नाही. तोवर मराठी लिहायला-वाचायला येत होतं, हे माझं नशीब. मी बोलते, पण स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळं तो वर-खाली होतो. मराठी ओठ वाचते. सांकेतिक भाषा पंचविशीत कोल्हापूरच्या मैत्रिणींकडून शिकले. बहिरी म्हटल्याचा मला राग येत नाही. 'मुकी' म्हटल्याचा येतो.

२०१९ ला लग्न होऊन हद्दीपलीकडं बेळगाव जिल्ह्यात आले. सासर-माहेरात बारा मैलांचं अंतर. सासरच्या घरात मराठी, शेजारीपाजारी मराठी, पण ठाणं, कचेरी, कोर्ट सगळं कन्नडात. माझी शाळा महाराष्ट्रातली, त्यामुळं कन्नड अक्षर मला येत नाही. ओठांचं तर बोलायलाच नको. कन्नड बोलणारा माणूस समोर आला की माझ्यासाठी तो नुसता तोंड हलवणारा माणूस असतो.

नवऱ्याला ऐकू येतं. भांडण सुरू झालं की तो आधी लाईट बंद करायचा. ऐकू येणाऱ्यांना यातलं चटकन कळत नाही. उजेड गेला की मला ओठ दिसत नाहीत, माझे हात त्याला दिसत नाहीत. मी विचारू शकत नाही, उत्तर देऊ शकत नाही, पुढचा मार कुठून येतोय हेही समजत नाही. अंधारात मी फक्त अंग चोरून उभी राहायची. दुसरी गोष्ट कानातल्या मशीनची. माझं मशीन काही बोलणं ऐकवत नाही, पण दार आपटलं, भांडं पडलं एवढं कळतं. ते तो काढून घ्यायचा. फोनही तसाच. माझ्या पेन्शनचं एटीएम कार्ड त्याच्या खिशात, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार सासूच्या खात्यावर, कारण रेशनकार्डावर घरची मुख्य ती.

१८ ऑगस्ट २०२४, रविवार. दुसऱ्या दिवशी राखी होती आणि मी माहेरी जाते म्हणाले. त्यानं कानातलं मशीन ओढून पाण्याच्या पिंपात टाकलं, लाईट बंद केली आणि माझा उजवा हात पकडून मुरगाळला. मी ओरडले. शेजारच्या घराची आणि आमची भिंत एक. पुढं जबाबात शेजारणीनं सांगितलं, "तिचा आवाज तसाच आहे, बोलतानासुद्धा तशीच ओरडते." तिनं खोटं सांगितलं असं मला वाटत नाही. माझी किंकाळी तिला पाच वर्षांत कधी किंकाळी वाटलीच नव्हती.

सोमवारी मी आले नाही म्हणून दुपारी दादाच गाडी घेऊन आला. मी राखी काढली, पण बोटं वळेनात. गाठ बसेना. दादानं माझ्या मनगटाकडं पाहिलं, काही विचारलं नाही. राखीचं एक टोक दातात धरलं आणि दुसऱ्या हातानं स्वतःच गाठ मारली. मग म्हणाला, "चल." मी पिंपातून काढलेलं मशीन एका प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि नेसत्या कपड्यानिशी निघाले. आधार, बँकेचं पासबुक, अपंगत्वाचं कार्ड सगळं तिथंच राहिलं. 'कागद घेऊनच बाहेर पडा' असा सल्ला सगळे देतात. कागद कपाटात आणि किल्ली त्याच्या कमरेला असेल तर बाई बाहेर पडली हेच पुष्कळ. कागद मागाहून मिळवता येतात.

मंगळवारी, २० तारखेला सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी माझ्याकडं न बघता दादाला विचारलं, कसं लागलं? आणि माझा दादा, ज्यानं दातानं गाठ मारली तोच दादा, म्हणाला, "न्हाणीत घसरून पडली." मला त्याचे ओठ स्पष्ट दिसले. त्या क्षणी त्याला घरची अब्रू आठवली असणार. मी टेबलावरचं पेन उचललं आणि डाव्या हातानं, बालवाडीतल्या पोरासारख्या अक्षरात, केसपेपरच्या मागं लिहिलं: 'पडले नाही. नवऱ्यानं मुरगाळला.' डॉक्टरांनी वाचलं, दादानं वाचलं. दादा खाली बघत राहिला. मग डॉक्टरांनी एमएलसी केली, म्हणजे पोलिसी कामाला चालणारी नोंद. करंगळीखालच्या हाडाला तडा निघाला. त्या नोंदीत 'नवऱ्यानं मुरगाळला' हे कारण लिहिलं गेलं आणि पुढं दहा महिने तो कागद कामाला आला. दवाखान्यात कारण खरं सांगा. तिथं एकदा 'घसरून पडली' लिहिलं गेलं की ते खोडायला जन्म जातो.

प्लास्टर तीन आठवड्यांचं होतं. एवढे दिवस माझी अर्धी भाषा प्लास्टरमध्ये होती.

बुधवारी ठाण्यात गेलो. सकाळी साडेदहाला बसलो ते दुपारी तीनपर्यंत. दादाला मोडकंतोडकं कन्नड येतं. साहेबांनी दादाचं थोडं ऐकलं आणि नवऱ्याला फोन करून बोलावलं. तो नणंदेला घेऊन आला. साहेबांनी नणंदेला माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवलं, कारण काय तर घरातल्यांना हिच्या खुणा कळतात. मी बोलत होते, डाव्या हातानं खुणा करत होते, नणंद साहेबांकडं बघून कन्नडात काहीतरी सांगत होती आणि साहेब मान डोलवत होते. नणंद मध्येच हसली. मी काय सांगितल्यावर ती हसली, हे मला आजही माहीत नाही. शेवटी एक कागद पुढं आला, सही कर म्हणून. दादानं अक्षर लावून लावून वाचलं: घरगुती गैरसमज होता, दोघांना समजावून पाठवलं. मी सही केली नाही. माझ्याकडून तेवढं झालं, म्हणून पुढचं सगळं होऊ शकलं. ग्रुपवरच्या दोघींनी अशाच कागदावर सही केली आहे आणि तो कागद प्रत्येक तारखेला त्यांच्या आडवा येतो.

त्या रात्री मी एक चिठ्ठी तयार केली: 'मला ऐकू येत नाही. मला मराठी लिहिता-वाचता येतं. मला लिहून विचारा. माझ्या वतीनं दुसऱ्या कुणाला विचारू नका.' वहिनीच्या ओळखीच्या एका शिक्षकांनी खाली तेच कन्नडात लिहून दिलं. फोनच्या कव्हरमध्ये ती चिठ्ठी अजून आहे.

१८१ ही महिलांची हेल्पलाईन, पण तिथं बोलावं लागतं. दादानं फोन लावला, आणि तो कर्नाटकातच लागावा म्हणून मुद्दाम बेळगावात जाऊन लावला. २३ ऑगस्टला आम्ही जिल्ह्याच्या 'सखी' केंद्रात गेलो. ही वन स्टॉप सेंटरं २०१५ पासून आहेत. समुपदेशन, पोलीस, वकील, दवाखाना यांची गाठ एकाच जागी घालून द्यायची, आणि गरज पडली तर पाच दिवसांपर्यंत राहायची सोय करायची, असं त्यांचं काम. मला राहायची गरज नव्हती. तिथल्या बाईंनी माझी चिठ्ठी वाचली, दादाला बाहेर बसायला सांगितलं, एक कोरा कागद आणि पेन माझ्याकडं सरकवलं. त्यांचे प्रश्नही त्यांनी लिहूनच विचारले. अडीच तासांत नऊ पानं झाली. डाव्या हातानं लिहिलेली, वेडीवाकडी. आठवड्याभरात पहिल्यांदाच मधलं माणूस कुणी नव्हतं.

घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा. त्यात प्रत्येक ठिकाणी संरक्षण अधिकारी असतो. कर्नाटकात ते काम बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडं, म्हणजे अंगणवाड्या बघणाऱ्या खात्याकडं असतं. हे माहीत नसल्यामुळं आम्ही आधी दोन चुकीच्या कचेऱ्या फिरलो. २७ ऑगस्टला तिथं घरगुती घटनेचा अहवाल भरला गेला. हा ठरलेला छापील नमुना असतो. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक आणि भावनिक, आर्थिक असे त्यात भाग पाडलेले आहेत. हाताचं शारीरिकमध्ये गेलं, एटीएम कार्डाचं आर्थिकमध्ये. लाईट बंद करण्याचं आलं तेव्हा अधिकारी बाईंचं पेन थांबलं. त्यांनी कागदावर लिहिलं: 'लाईट बंद केली, यात हिंसा काय?'

मी उठले आणि खोलीची ट्यूब बंद केली. श्रावणातली दुपार, बाहेर पाऊस, खोलीत अंधार झाला. बाईंच्या समोर उभी राहून मी हातांनी सगळं सांगितलं, त्या रात्रीचं सगळं. मग ट्यूब लावली आणि कागदावर लिहिलं: 'मी आता काय सांगितलं?' बाई बराच वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी भावनिक हिंसेच्या रकान्यात पाच ओळी लिहिल्या आणि त्या मला मराठीत परत लिहून दाखवल्या.

मग वकील. स्त्री असेल किंवा दिव्यांग व्यक्ती असेल तर सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या कायद्यातच तसं आहे. जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात साधा अर्ज करायचा. त्यांचा फोन नंबर १५१००. मी २९ ऑगस्टला अर्ज दिला, मध्ये गणपती आले, १० सप्टेंबरला वकील नेमल्याचं पत्र मिळालं. उत्पन्नाचा दाखला कुणी मागितला नाही. वकीलबाई मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणाऱ्या मिळाल्या. माझी एकच मागणी होती: माझ्याशी बोलताना तोंडावर हात आणि समोर फाईल नको. त्यांनी ती शेवटपर्यंत पाळली.

ठाण्यानं तक्रार घेतली नाही तर तीच लेखी, पोस्टानं पोलीस अधीक्षकांकडं पाठवता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, बीएनएसएसमध्ये, ते कलम १७३ (४) मध्ये आहे. 'सखी'तल्या बाईंनी सांगितलं म्हणून ३० ऑगस्टला मी तक्रार पाठवली. मराठी मूळ आणि कन्नड भाषांतर, दोन्ही. भाषांतराचे सहाशे रुपये गेले. ९ सप्टेंबरला दादाला ठाण्यातून फोन आला, जबाबाला या.

या वेळी मी दुभाषा मागितला. लैंगिक अत्याचाराच्या ठरावीक गुन्ह्यांत दिव्यांग स्त्रीची तक्रार दुभाषा किंवा विशेष शिक्षकाच्या हजेरीत, तिच्या सोयीच्या जागी नोंदवायची आणि तिचं चित्रीकरण करायचं, हे कायद्यानं पोलिसांवर बंधनकारक आहे. २०१३ पासून ती तरतूद आहे आणि नव्या संहितेतही ठेवली आहे. माझ्या तक्रारीत ती कलमं नव्हती. म्हणून वकीलबाईंनी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १२ धरलं. दिव्यांग व्यक्तीचा जबाब तिच्या पसंतीच्या भाषेत आणि तिच्या पद्धतीनं नोंदवायची सोय हवी, असं त्यात आहे. मी अर्जात लिहिलं: माझी पसंतीची भाषा मराठी, पद्धत लेखन आणि सांकेतिक भाषा. अर्ज तोंडी करू नका, लेखी करा आणि पोच घ्या. दुभाषी आम्हीच शोधल्या. मूकबधिरांच्या शाळेत शिकवलेल्या, निवृत्त बाई. कन्नड येणाऱ्या. त्यांनी फी घेतली नाही, फक्त येण्या-जाण्याचे पैसे घेतले.

१२ सप्टेंबर, गुरुवार. दोनच दिवसांपूर्वी प्लास्टर निघालं होतं, हात काटकीसारखा हलका लागत होता. मी साइनमध्ये, म्हणजे सांकेतिक भाषेत सांगायचं, बाईंनी कन्नडात बोलायचं, हवालदारांनी लिहायचं. सकाळी अकराला सुरुवात झाली. चार वाजेपर्यंत पाच पानं झाली. आता सही, म्हणून कागद आला. मी म्हटलं, आधी सगळं मला परत सांगा. एकेक वाक्य. साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. बाईंनी वाचायला आणि मला साइनमध्ये सांगायला घेतलं.

तिसऱ्या पानावर बाईंनी खूण केली: हात धरला.

मी थांबवलं. मी 'हात धरला' असं कधीच म्हटलं नव्हतं. मुरगाळण्याची खूण वेगळी आहे. एक मूठ दुसऱ्या मनगटावर घट्ट बसते आणि पिळते, ओला कपडा पिळावा तशी. बाईंनी कन्नडातलं वाक्य पुन्हा पाहिलं. लिहिणाऱ्यानं वाक्य आटोपशीर केलं होतं: 'कै हिडिद'. बाईंनी मला लिहून दाखवलं, शब्दशः हात धरला, आणि कन्नडात 'कै हिडिद' म्हणजे लग्न केलं असाही अर्थ होतो. मराठीत तरी वेगळं काय आहे? हात धरून आणलं, हात धरून पळून गेली. ज्या वाक्यासाठी मी ठाण्यात आले होते त्या वाक्याचा अर्थ कागदावर लग्नासारखा झाला होता.

साहेबांचं म्हणणं, भाव तोच आहे. मी कागदावर दोन शब्द एकाखाली एक लिहिले, 'धरला' आणि 'मुरगाळला', पहिल्यावर काट मारली आणि एक्स-रेचा कागद शेजारी ठेवला. बाईंनी त्यांना कन्नडात काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण बराच वेळ सांगितलं. शेवटी हवालदारांनी 'हिडिद' खोडून वर 'तिरुचिद' लिहिलं आणि शेजारी छोटी सही केली. मला तो शब्द दाखवला. गोल गोल अक्षरं. मी त्याचा फोटो काढून घेतला.

संध्याकाळी सहाला एफआयआर झाला. प्रत फुकट मिळते, मागून घ्या. भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, म्हणजे नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचं, पूर्वीचं ४९८ अ. हाड मोडल्यामुळं गंभीर दुखापतीचं ११७. आणि दिव्यांग कायद्याचं ९२. हे ९२ आपल्यापैकी फार कमी जणींना माहीत आहे आणि ठाण्यातही ते चटकन कुणाला आठवत नाही. दिव्यांग माणसाच्या अवयवाला, इंद्रियाला किंवा मदतीच्या साधनाला जाणूनबुजून इजा करणं, त्याच्या वापरात अडथळा आणणं हा त्यात स्वतंत्र गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. म्हणजे कानातलं मशीन पिंपात टाकणं ही घरातली चिडचिड नाही, तो गुन्हा आहे. प्लास्टिकच्या पिशवीतलं मशीन मी दिलं. १४ तारखेला घरी जाऊन पंचनामा झाला, इकडं त्याला महजर म्हणतात. मशीन जप्त होऊन पाकिटात गेलं. त्याची पावती घ्या. पंचनाम्याच्या वेळी पोलिसांसमोर कपाट उघडलं म्हणून आधार आणि पासबुक हाती आलं. अपंगत्वाचं कार्ड सापडलं नाही. ते स्वावलंबन कार्डाच्या पोर्टलवरून उतरवून घेता येतं. माझं निळं आहे, म्हणजे ८० टक्के किंवा त्यापुढचं.

संरक्षण आदेशासाठीचा अर्ज ३० सप्टेंबरला कोर्टात दाखल झाला. त्याआधी वकीलबाईंनी विचारलं होतं, इथं करायचा की चंदगडला? या कायद्यात बाई जिथं तात्पुरती राहते तिथंही दाद मागता येते. चंदगडला सगळं मराठीत झालं असतं. मी म्हटलं, घर इकडं, सामान इकडं, तो इकडं, तेव्हा इकडंच बरं. पुढं कळलं की असा आदेश कुठल्याही कोर्टानं दिला तरी देशभर चालतो. आज पुन्हा निवडायचं झालं तर मी चंदगड निवडीन. सीमेवरच्या बायकांनी सही करण्याआधी वकिलाला हे विचारावंच. भाषेच्या वादात आपण कुणाच्या बाजूचे हा प्रश्न इथं नाही. आपली साक्ष किती हातांतून जाणार हा आहे.

कायदा म्हणतो, पहिली तारीख शक्यतो तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत. मला पहिली तारीख मिळाली ९ ऑक्टोबर. त्या दिवशी जे झालं ते मला अजून खुपतं. कोर्टात दारातून नावाचा पुकारा होतो. वकीलबाई दुसऱ्या कोर्टात होत्या, दादा झेरॉक्सला गेला होता, मी व्हरांड्यात बाकावर, दारापासून दहा पावलांवर. माझं नाव तीनदा पुकारलं गेलं आणि अर्जदार गैरहजर अशी नोंद झाली. मी तिथंच बसले होते. पुढच्या तारखेपासून मी सकाळीच बेंच क्लार्कना चिठ्ठी द्यायला लागले: 'अर्जदार कर्णबधिर आहे, निळी साडी, खिडकीशेजारी, पुकारा झाल्यावर हात करा.' दर तारखेला साडीचा रंग बदलून लिहायची. पुकारा करणारे काका नंतर दारातून वाकून मला हात करायचे.

१९ नोव्हेंबरला अंतरिम आदेश झाला. त्यानं जवळ यायचं नाही, फोनवरून किंवा दुसऱ्यामार्फत संपर्क करायचा नाही, महिना चार हजार द्यायचे. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. डिसेंबरात बेळगावात विधिमंडळाचं अधिवेशन. जिकडंतिकडं बंदोबस्त. माझं सामान काढून द्यायला पोलीस मिळेनात. चार हजार डिसेंबरचे आले, जानेवारीचे आले नाहीत.

माझी उलटतपासणी लागली २४ फेब्रुवारी २०२५ ला. आणि नेमक्या त्याच सुमारास बसमध्ये मराठी-कन्नडवरून कंडक्टरला मारहाण होऊन वाद पेटला, दोन्ही राज्यांच्या बस हद्दीवर थांबल्या. एरवी मी हद्दीवरच्या शिनोळीपर्यंत एसटीनं अर्ध्या तिकिटात यायची आणि हद्द ओलांडली की कर्नाटकाच्या बसमध्ये आधार दाखवून फुकट. त्या दिवशी दादानं पहाटे गाडी काढली. शिनोळीच्या पुढं रस्ता रिकामा आणि पोलिसांच्या गाड्या. मला एवढीच भीती की पुन्हा गैरहजर लागते की काय. पावणेदहाला पोचलो. दुभाषी शिक्षिका बाई आमच्या आधी येऊन बसल्या होत्या.

व्हरांड्यात वाट बघताना त्यांनी मला सारा सनींबद्दल सांगितलं. बेंगळूरच्या कर्णबधिर वकील. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी सुप्रीम कोर्टात दुभाष्यामार्फत सांकेतिक भाषेतून बाजू मांडली. मी सगळं विसरून दोनदा विचारलं, वकील? स्वतः?

आत गेल्यावर मॅजिस्ट्रेट साहेबांनी परवानगी दिली: प्रश्न लिहून दाखवायचा, उत्तर मी मराठीत लिहायचं किंवा साइनमध्ये द्यायचं, मग त्याचं कन्नड नोंदवायचं. वकीलबाईंनी त्यासाठी २०१२ चा राजस्थान राज्य विरुद्ध दर्शन सिंग हा सुप्रीम कोर्टाचा निवाडा अर्जाला जोडला होता. समोरचे वकील सुरुवातीला पाठ करून बोलत होते. साहेबांनी त्यांना माझ्याकडं तोंड करून उभं राहायला सांगितलं.

त्यांचा प्रश्न आला: ऐकू येत नाही, तर शिव्या दिल्या हे कसं कळलं?

मी लिहिलं: ओठांवरून. शिव्या सगळ्यात आधी ओळखू येतात.

पुढचा प्रश्न: लाईट बंद होती म्हणता, मग अंधारात ओठ कसे दिसले?

मला ऑगस्टमधली ती कचेरी आठवली, बंद केलेली ट्यूब आठवली. मी लिहिलं: शिव्या लाईट बंद करायच्या आधीच्या. अंधारात फक्त हात होते.

साहेबांनी तो कागद हातात घेऊन वाचला आणि लिहिणाऱ्याला स्वतः सांगितला. एकेक शब्द थांबून.

मार्च ते मे नुसत्या तारखा. एकदा साहेब रजेवर, एकदा समोरचे वकील आजारी, मग उन्हाळ्याची सुट्टी. यात सांगण्यासारखं काही नाही, पण दमवलं ते याच महिन्यांनी. दर तारखेला घरून भाकरी बांधून न्या आणि फोन पूर्ण चार्ज करून न्या, आपला आवाज तोच असतो.

१७ जून २०२५ ला अंतिम आदेश झाला. संरक्षण कायम, महिना सहा हजार, भरपाई पन्नास हजार, माझं सामान परत. आदेशाची प्रत या कायद्यात फुकट मिळते. दहा महिन्यांत वकिलांची फी शून्य, बाकी पेट्रोल, झेरॉक्स, भाषांतरं, बाईंचं येणं-जाणं मिळून सत्तावीस हजारांच्या आसपास दादाचे गेले. अंतरिमचे थकलेले पैसे अजून यायचेत, त्यासाठी वेगळा अर्ज दिला आहे. फौजदारी खटला चालू आहे, आणि माझं मशीन अजून त्याच पाकिटात आहे. २८ जूनला संरक्षण अधिकारी बाई आणि दोन पोलीस घेऊन गेलो आणि शिवणयंत्र, दोन ट्रंका, आईनं दिलेली भांडी टेम्पोत घातली. नणंद दारात उभी होती. माझ्याशी काहीतरी बोलली. मराठीत होतं, मला वाचता आलं असतं, मी बघितलं नाही.

अकरा पानी आदेश कन्नडात आहे. भाषांतर करून घ्यायच्या आधी मी वकीलबाईंना विचारलं, तो शब्द यात कुठं आहे? त्या पानं चाळायला लागल्या, तेवढ्यात चौथ्या पानावर, मधल्या ओळीत, तो मलाच दिसला. तिरुचिद. फोटो बघायची गरज पडली नाही.